घर मिळाले, शेजार गेला : वस्ती आणि आपले मानसिक आरोग्य

"आता तर स्वतःचे घर झाले. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, संडास घरात आहे. मग आमच्या आजीला झाले तरी काय?"

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत आम्हाला अनेक घरांतून विचारला गेला. आम्ही मुंबईतील वस्त्यांमध्ये आणि पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये काम करतो. लोक आमच्याकडे रेशनकार्ड, शाळाप्रवेश, निराधार पेन्शन अशी कामे घेऊन येतात. मनाचे दुखणे घेऊन सहसा कोणी येत नाही. फॉर्म भरता भरता, चहा पिता पिता ते बाहेर पडते. झोप लागत नाही. छातीत धडधडते. पोरगा कोणाशी बोलत नाही. कशातच मन लागत नाही.

ज्या आजीबद्दल वरचा प्रश्न होता, ती आता सतराव्या मजल्यावर राहते. चाळीत असताना तिचे दार दिवसभर उघडे असायचे. येणारा-जाणारा "काय आजी, जेवलीस का?" म्हणून पुढे जायचा. नव्या घरात ती सवयीने दार उघडे ठेवते आणि सून काळजीने ते बंद करते. लिफ्टमध्ये एकटीने जायची तिला भीती वाटते, म्हणून वैशाख पौर्णिमेनंतर ती विहारातही गेलेली नव्हती. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आहे. रक्तदाबाची आधीपासूनच चालू होती.

आपल्याकडे अशा वेळी दोनच उत्तरे मिळतात. एक, "वय झाले." दुसरे, "सुख टोचते." आमच्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. माणूस ज्या परिसरात राहतो, त्याचा त्याच्या मनावर वर्षानुवर्षे परिणाम होत असतो, हे समाजशास्त्राने आणि मानसोपचाराने गेल्या शंभर वर्षांत बऱ्याच अभ्यासांतून दाखवले आहे. सध्या आपल्या समाजाच्या अनेक जुन्या वस्त्या पाडून तिथे नव्या इमारती उभ्या राहत आहेत. म्हणूनच हा विषय आत्ता समजून घेणे गरजेचे आहे.

परिसर म्हणजे नेमके काय?

परिसर म्हटले की रस्ता, गटार, कचरा, पाणी इतकेच डोळ्यासमोर येते. मनाच्या दृष्टीने परिसराचे चार भाग आहेत.

पहिला भाग डोळ्यांना दिसणारा : उजेड, हवा, आवाज, पाणी, शौचालय, मोकळी जागा. दुसरा भाग माणसांचा : आपल्याला नावाने ओळखणारे किती जण आहेत, रात्री दोन वाजता कोणाचे दार वाजवता येईल. तिसरा भाग प्रतिष्ठेचा : आपल्या वस्तीचे नाव सांगताना मान वर राहते की आवाज खाली जातो. आणि चौथा भाग ताब्याचा : आपल्या जगण्यातील किती गोष्टी आपल्या हातात आहेत. पाणी किती वाजता येईल, झोपडी कधी तुटेल, दुरुस्ती कोण करील, हे सगळे जर दुसऱ्याच्याच हातात असेल, तर मन सतत ताणलेले राहते.

यातला एक भाग सुधारला म्हणजे बाकीचे आपोआप सुधारतात असे नाही. उलट एक सुधारताना दुसरा बिघडू शकतो. आजीच्या बाबतीत नेमके हेच झाले.

ताण साचतो कसा?

संकट समोर आले की शरीर सावध होते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तात कॉर्टिसोलसारखी संप्रेरके येतात. संकट टळले की सगळे पूर्ववत होते. ही निसर्गाने दिलेली सोय आहे आणि ती थोड्या वेळासाठीच आहे. पण संकट रोजचेच असेल तर? पहाटे चारला येणारे पाणी, रात्री सार्वजनिक शौचालयाकडे जाताना मुलीला वाटणारी भीती, कोपऱ्यावरचा दारूचा अड्डा, भिंतीपलीकडची रोजची मारहाण, पावसाळ्यात घरात शिरणारे पाणी, कधीही येऊ शकणारी तोडण्याची नोटीस. यातील एकेक गोष्ट "चालायचेच" म्हणून सोडून देता येते. पण शरीर ती सोडून देत नाही. सावधपणाचे बटण दाबलेलेच राहते.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ ब्रूस मॅकएवन यांनी १९९०च्या दशकात या साचलेल्या झिजेला 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' असे नाव दिले. साध्या भाषेत, सोसण्याचा भार. हा भार वाढला की झोप बिघडते, चिडचिड वाढते, रक्तदाब आणि साखर वर जाते आणि नैराश्य व चिंता यांना वाट मिळते. एखाद्या मोठ्या दुःखामुळे माणूस खचला तर ते लोकांना दिसते. वीस वर्षे थोडे थोडे खचत गेलेला माणूस मात्र कोणालाच दिसत नाही. कधी त्यालाही ते कळत नाही. "माझा स्वभावच तसा" असे तो म्हणतो.

यात वयही महत्त्वाचे आहे. बहुतेक मानसिक विकारांची पहिली चिन्हे किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात दिसू लागतात. म्हणजे ज्या वयात मूल सर्वांत जास्त वेळ वस्तीत, गल्लीत, नाक्यावर असते, तेच हे वय. लहानपणी कोणत्या परिसरात राहिलो, याची खूण पुढे घर बदलले तरी पुसत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कठीण वस्तीत राहणारा प्रत्येक जण आजारी पडत नाही. आनुवंशिकता, उत्पन्न, घरातील हिंसा, व्यसन अशी कारणेही असतात. परिसर हे त्यांपैकी एक कारण आहे. मात्र ते असे कारण आहे की जे एकाच वेळी हजारो लोकांवर काम करते आणि जे धोरणाने बदलता येते.

वस्तीमुळे आजार, की आजारामुळे वस्ती?

या विषयाचा पहिला मोठा अभ्यास शिकागो शहरात झाला. रॉबर्ट फॅरिस आणि वॉरेन डनहॅम या समाजशास्त्रज्ञांनी १९३९मध्ये तो प्रसिद्ध केला. मनोरुग्णालयांत दाखल झालेल्या रुग्णांचे पत्ते त्यांनी शहराच्या नकाशावर मांडले. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण शहराच्या मध्यभागातील, सतत भाडेकरू बदलणाऱ्या, मोडकळीस आलेल्या वस्त्यांमध्ये सर्वाधिक होते आणि शहराच्या बाहेरच्या भागाकडे जावे तसे प्रमाण कमी होत होते.

त्यावर लगेच आक्षेप आला : वस्तीमुळे माणूस आजारी पडला, की आजारामुळे नोकरी गेली, पैसा गेला आणि तो घसरत घसरत त्या वस्तीत पोहोचला? हा आक्षेप रास्त होता. पुढे अनेक वर्षे या प्रश्नावर वाद चालू राहिला.

त्याचे बरेचसे उत्तर अमेरिकेतच १९९४मध्ये सुरू झालेल्या एका सरकारी प्रयोगाने दिले. 'मूव्हिंग टू अपॉर्च्युनिटी' हे त्याचे नाव. बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांतील सरकारी गरीब वसाहतींत राहणारी सुमारे ४,६०० कुटुंबे त्यात होती. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाची होती आणि बरीच घरे एकट्या आया चालवत होत्या. सोडत काढून काही कुटुंबांना कमी गरिबीच्या भागात भाड्याने राहण्यासाठी मदत दिली गेली, काहींना दिली गेली नाही. कोण जाणार हे नशिबाने ठरल्यामुळे दोन्ही गटांची तुलना करणे शक्य झाले.

दहा ते पंधरा वर्षांनी पाहिले तर ज्यांना ती मदत मिळाली होती, त्या गटातील प्रौढांची कमाई फारशी वाढली नव्हती. पण त्यांचे मानसिक आरोग्य सुधारले होते, तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह कमी होता आणि आपण अधिक समाधानी आहोत असे ते सांगत होते. खिशात फरक नव्हता, तरी मनात फरक पडला होता. गुंड टोळ्या आणि अमली पदार्थांपासून दूर जाणे, हेच बहुतेक कुटुंबांचे घर सोडण्याचे मुख्य कारण होते. ती भीती कमी झाली, हे या सुधारणेचे एक मोठे कारण असावे.

या प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष मात्र चक्रावणारा होता. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलींमध्ये नैराश्य कमी झाले, तर मुलांमध्ये नैराश्य आणि वर्तनाच्या समस्या वाढलेल्या दिसल्या. म्हणजे चांगल्या वस्तीत जाण्याचा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही. एकाच घरात कोणी सावरते, कोणी हरवते.

घर मोठे, शेजार छोटा

हे वाचताना आम्हाला आपल्या बीडीडी चाळी आठवतात. १९२०च्या दशकाच्या पूर्वार्धात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मध्ये व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, एका मजल्यावर वीस बिऱ्हाडे आणि सामाईक शौचालय. खोली १६० चौरस फुटांची. या चाळींनी गिरणी कामगार घडवले, आपल्या समाजाच्या पिढ्या घडवल्या, चळवळी पाहिल्या. आता वरळीत चाळीस मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तीन पिढ्यांनी एका खोलीत काढल्यानंतर मिळालेले हे घर हक्काचे आहे आणि आनंदाचे आहे.

चाळीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. १६० चौरस फुटांत आठ माणसे राहण्यात काय गोड होते, हे त्या खोलीत नवी नवरी म्हणून आलेल्या बाईला विचारावे. कपडे बदलायला आडोसा नाही, संडासाला रांग, आजाऱ्याला पडायला जागा नाही, मुलाला अभ्यासाला कोपरा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः परळच्या बीआयटी चाळीत दोन दशकांहून अधिक काळ राहिले. पुढे दादरला त्यांनी 'राजगृह' बांधले ते ग्रंथांचा आणि अभ्यासाचा विचार करून. विचार करायला जागा लागते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

तरीही चाळीचा व्हरांडा एक काम मुकाट्याने करत होता. तो माणसांना रोज एकमेकांसमोर आणत होता. म्हातारीने सकाळी दार उघडले नाही तर नऊ वाजेपर्यंत कोणीतरी डोकावत असे. पोरगा चुकीच्या संगतीत दिसला तर संध्याकाळपर्यंत घरी बातमी पोहोचत असे. त्याचा जाच होता, तसा आधारही होता. चाळीस मजली इमारतीत ही व्यवस्था आपोआप तयार होत नाही. त्यात कोणाला कोणता मजला हे सोडतीने ठरले, तर पन्नास वर्षांचा शेजार एका दिवसात विखुरतो.

असे आधीही घडले आहे. मायकेल यंग आणि पीटर विल्मॉट यांनी १९५७मध्ये पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन या कामगार वस्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथली कुटुंबे दाटीच्या गल्ल्यांतून शहराबाहेरच्या नव्या सरकारी वसाहतीत गेली. घरे चांगली होती, बाग होती, मुलांना मोकळी हवा होती. पण आई आणि लग्न झालेली लेक यांची रोजची भेट तुटली आणि शेजारी एकमेकांना फारसे ओळखेनासे झाले. घर सुधारले आणि माणसे एकटी पडली.

आमच्या कामात हेच दिसते. एकाच फ्लॅटमध्ये सासूचे मन खचते आणि सुनेचे हलके होते. सुनेला पहिल्यांदा स्वतःचे दार आणि स्वतःचे न्हाणीघर मिळालेले असते. सासूचे मात्र सगळे जग त्या व्हरांड्यात होते. दोघींचेही खरे आहे. "सुख टोचते" म्हणून एकीला गप्प बसवणे हा अन्याय आहे.

आणि सगळ्याच नव्या इमारती वरळीसारख्या नाहीत. मानखुर्द-गोवंडीतील पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमधील अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी यांचा अभ्यास करून २०१८मध्ये दाखवले की जिथे उजेड आणि हवा कमी, तिथे क्षयरोग जास्त. क्षयरोग आणि नैराश्य एकमेकांचा हात धरून येतात, हे क्षयरोगाच्या दवाखान्यातील कोणीही सांगेल. शेजारही तुटला आणि सूर्यही गेला, अशी ही दुहेरी किंमत आहे.

वस्तीचे नाव आणि वस्तीचा घाव

आपल्या समाजासाठी परिसराचा प्रश्न नवा नाही. गावकुसाबाहेरचे घर हा परिसराच्या रचनेतून रोज दिला जाणारा अपमान होता. विहीर कुठे, वाट कुठली, वारा कोणत्या दिशेचा, सगळे जातीने ठरलेले. म्हणूनच बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना संविधान सभेत खडे बोल सुनावले होते. पत्ता सांगताच समोरच्याचा चेहरा बदलतो, हा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला वेगळ्या पुराव्याची गरज नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ लुईक वाकाँ यांनी याला वस्तीला लागलेला कलंक म्हटले आहे. तो कलंक हळूहळू माणूस स्वतःलाच लावून घेतो. नोकरीच्या अर्जावर दुसऱ्याचा पत्ता टाकतो, मित्रांना घरी बोलावत नाही. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२०मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. मात्र पाटी बदलल्यावर पाणी, रस्ता आणि वागणूकही बदलली पाहिजे.

काही वस्त्यांना घावही असतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात दहा जणांचा जीव गेला. जानेवारी १९७४मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींनी दंगल पाहिली. अशा घटना फक्त जखमींच्या आणि मृतांच्या घरात राहत नाहीत. त्या जिन्यात, नाक्यावर, आई मुलाला "लवकर ये" म्हणते त्या आवाजात राहतात. आणि स्मारकासमोर एकत्र उभे राहून दरवर्षी अभिवादन करणारी वस्ती तो घाव एकट्याने सोसत नाही, हेही तितकेच खरे आहे. या वस्त्यांचा पुनर्विकास करताना स्मारक, विहार आणि सभेची जागा कुठे राहणार, हा प्रश्न भावनेचा जितका आहे, तितकाच आरोग्याचाही आहे.

मग करायचे काय?

परिसर बिघडला तर मन बिघडते, तसेच परिसर थोडा सुधारला तर मनही सावरते. फिलाडेल्फिया शहरात संशोधकांनी ५४१ पडीक जागांवर प्रयोग केला. सोडतीने निवडलेल्या काही जागांवरचा कचरा काढून गवत आणि थोडी झाडे लावली, छोटे कुंपण घातले. २०१८मध्ये त्याचे निष्कर्ष आले. अशा जागांजवळ राहणाऱ्या लोकांमध्ये, काहीच न केलेल्या जागांजवळच्या लोकांच्या तुलनेत, उदास वाटत असल्याचे सांगण्याचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी घटले होते. कोणालाही औषध दिलेले नव्हते.

यावरून आणि आमच्या कामावरून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक. पुनर्विकासाच्या बैठकीत आपण चौरस फूट, पार्किंग आणि देखभाल खर्च विचारतो. त्याबरोबर विचारा : जुने शेजारी एकाच मजल्यावर किंवा लागून राहू शकतील का? वृद्ध आणि अपंग यांना खालचे मजले मिळतील का? दोन इमारतींमध्ये अंतर किती? खालच्या घरात ऊन येईल का? हे प्रश्न नकाशा मंजूर होण्याआधी विचारायचे असतात. नंतर त्यांना उत्तर नसते.

दोन. विहार, अभ्यासिका, बालवाडी आणि महिला मंडळाची खोली तळमजल्यावर, सहज दिसेल अशा जागी मागा. गच्चीवरच्या किंवा पोडियमच्या कोपऱ्यातल्या सभागृहाला कुलूपच लागलेले असते.

तीन. मजल्यानुसार दोन माणसे ठरवा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची, काम सुटलेल्या तरुणाची त्यांनी आठवड्यातून एकदा चौकशी करावी. व्हरांडा जे फुकट करत होता, ते आता ठरवून करावे लागेल.

चार. तरुण मुलांकडे विशेष लक्ष द्या. जुना कट्टा तुटला की मुले मोबाइलमध्ये किंवा नशेच्या संगतीत जागा शोधतात. त्यांना मैदान, व्यायामशाळा, जयंतीच्या कामात खरी जबाबदारी द्या.

पाच. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, झोप न लागणे, भूक जाणे, कोणाशीही न बोलणे किंवा मरणाचे विचार दिसले, तर "मन घट्ट कर" म्हणून सोडू नका. केईएम, सायन, नायर यांसारख्या महापालिका रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ने सरकारी यंत्रणेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तो हक्क आहे, उपकार नाही.

मंगल सुत्त आपण विहारात नेहमी म्हणतो. त्यात तथागतांनी उत्तम मंगल कोणते, हे सांगताना अनुकूल प्रदेशात राहणे याचाही समावेश केला आहे. म्हणजे मनाची मशागत करायला सांगणाऱ्या बुद्धानेही, माणूस कुठे राहतो याला महत्त्व दिले. अनुकूल प्रदेश आपल्याला कोणी आणून देणार नाही. बिल्डरच्या नकाशात तो नसतो, सोसायटीच्या नियमावलीतही नसतो. तो मागावा लागतो, आणि मिळाल्यावर रोज सांभाळावा लागतो.

त्या आजीच्या इमारतीत आम्ही सोसायटीच्या कार्यकर्त्यांशी बोललो. आता दर रविवारी संध्याकाळी प्रवेशद्वाराजवळ दहा-बारा खुर्च्या मांडल्या जातात. जुन्या चाळीतल्या, आता वेगवेगळ्या मजल्यांवर गेलेल्या बायका तिथे जमतात. आजीला आणायला तिसरीतली नात लिफ्टने सोबत येते. झोपेची गोळी अजून बंद झालेली नाही. पण परवा एका रविवारी नात आजारी होती, तेव्हा आजी लिफ्टने एकटी खाली आली.